फर्नेस गेली, पण प्रश्न एसीचा होता: न्यू जर्सीतल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण मध्य न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीनेच लिहितोय, पण नाव-गाव देत नाही. त्यांना मी दादा-वहिनी म्हणतो, इथेही तसंच म्हणेन. मी एचव्हीएसीवाला (घराचं हीटिंग-कूलिंग बसवणारा) नाही, मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि आकडे मांडत बसायची खोड आहे, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. यातल्या किमती गोल करून दिल्यात.

पार्श्वभूमी

घर सत्तरच्या दशकातलं, दोन मजली कलोनियल, साधारण २,००० स्क्वेअर फूट, खाली बेसमेंट. बेसमेंटमध्ये २००१ ची गॅस फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), तासाला १ लाख बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप), ८० टक्के एफिशियन्सीवाली. म्हणजे जळलेल्या गॅसच्या पाचातला एक भाग चिमणीतून बाहेर. तिच्या शेजारी गॅसचाच वॉटर हीटर, दोघांचा धूर एकाच चिमणीत. बाहेर २००४ चा ३ टनी एसी, आर-२२ हा थंडाव्याचा जुना गॅस भरलेला. इलेक्ट्रिक पॅनल १०० अँपचं. इकडच्या जुन्या सबर्बमध्ये फिरलात तर दर तिसऱ्या घरात हाच संसार दिसेल.

घरात दादा, वहिनी, शाळेतली दोन मुलं, आणि त्या वर्षी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेले काका-काकू. काकूंचा पहिलाच अमेरिकन हिवाळा होता, हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

अडचण

ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी नेहमीच्या सर्व्हिसिंगला आलेल्या टेक्निशियनने सांगितलं की हीट एक्स्चेंजरला (ज्वाळा आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या धातूच्या भागाला) तडा गेलाय, कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून लाल टॅग लावून तो निघून गेला. जाताना त्याच कंपनीच्या सेल्सवाल्याची दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंटही ठरवून गेला.

दुसऱ्या दिवशी सेल्सवाला आला, बेसमेंटमध्ये उतरला, जुन्या फर्नेसवरचं लेबल वाचलं आणि तेवढ्याच १ लाख बीटीयूच्या, ९६ टक्केवाल्या नव्या फर्नेसचा कोट (दरपत्रक) टॅबलेटवर काढून पुढे धरला. आज सही केली तर पाचशे डॉलर कमी. बाहेर रात्री थंडी वाढत होती, घरात म्हातारी माणसं, दादा सही करायच्या अगदी बेतात होते.

पहिला निर्णय: सही न करणं

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो वहिनींनी घेतला. त्या म्हणाल्या, आधी दुसऱ्या कुणाकडून तडा खरंच आहे का ते बघून घेऊ. दुसऱ्या टेक्निशियनने आत कॅमेरा घालून दाखवला, तडा होता, म्हणजे पहिला माणूस खोटं बोलत नव्हता. पण तडा खरा असणं आणि सोबत आलेला कोट बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घाईत त्या एक वाटतात.

वेळ विकत घ्यायची किंमत फार नव्हती. दोन ऑइल-फिल्ड रेडिएटर हीटर आणले, एक काका-काकूंच्या खोलीत आणि एक मुलांच्या. असा हीटर १,५०० वॉटचा असतो, १२० व्होल्टवर साडेबारा अँप खेचतो, त्यामुळे १५ अँपच्या एका सर्किटवर एकच लावायचा आणि एक्स्टेंशन कॉर्ड अजिबात नाही, भिंतीतल्या सॉकेटलाच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जुना झाला होता तोही बदलला. नोव्हेंबरची सुरुवात असल्याने एवढ्यावर निभावलं, हेच जानेवारीत झालं असतं तर निभावलं नसतं.

घराला उष्णता लागते तरी किती

कोट मागवण्याआधी आम्ही जुनी गॅसची बिलं काढली. जानेवारी २०२२ चं घेतलं, कारण तो महिना खरा थंड होता, जानेवारी २०२३ बराच उबदार गेला होता. २०५ थर्म गॅस जळला होता. त्यातले वीसेक थर्म वॉटर हीटर आणि स्वयंपाकाचे धरले, उरले १८५. फर्नेस ८० टक्केवाली, म्हणजे घरात प्रत्यक्ष पोचले १४८ थर्म. एक थर्म म्हणजे १ लाख बीटीयू, महिन्याचे तास ७४४, भागाकार केला तर तासाला सरासरी २० हजार बीटीयूच्या आत. त्या महिन्याचं सरासरी तापमान ३० फॅरनहाइट धरलं, म्हणजे ज्याच्या खाली घर तापवावं लागतं त्या ६५ पासून ३५ डिग्री खाली, तर दर डिग्रीला ५७० च्या आसपास. आता खरी कडाक्याची थंडी म्हणून १४ फॅरनहाइट, म्हणजे उणे १० सेल्सियस घ्या: २९ हजार बीटीयू.

घराला गरज २९-३० हजारांची आणि बेसमेंटमध्ये उभी होती ८० हजार आत सोडणारी फर्नेस. म्हणून तर ती पाच मिनिटं धडधडायची, बंद व्हायची, परत धडधडायची, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या खोल्या कायम गार. बावीस वर्षं सगळ्यांना वाटत होतं की हे घरच असं आहे.

हा बिलावरचा हिशोब ढोबळ आहे, मॅन्युअल जेची (घर मोजून उष्णतेची गरज काढायच्या प्रमाणित पद्धतीची) जागा तो घेत नाही. पण समोरचा कॉन्ट्रॅक्टर हवेत बोलतोय की मोजून, हे ओळखायला पुरतो. पुढे तीन कॉन्ट्रॅक्टर आले, त्यातल्या एकानेच खिडक्या-भिंती मोजून मॅन्युअल जे केला आणि त्याचं उत्तर आमच्या आकड्याच्या जवळच आलं. बाकी दोघांनी लेबल वाचलं.

पर्याय

कोट आले ते असे. नुसती ९६ टक्के फर्नेस साडेपाच-सहा हजार डॉलर. फर्नेस आणि नवीन एसी दोन्ही मिळून साडेअकरा. फर्नेस आणि एसीच्या जागी हीट पंप, ज्याला इकडे ड्युअल फ्युएल म्हणतात, चौदा. आणि गॅस पूर्ण काढून थंड प्रदेशासाठीचा हीट पंप, आत इलेक्ट्रिक हीट स्ट्रिप (विजेवर तापणारी कॉइल), त्यासाठी पॅनल २०० अँपचं, सगळं मिळून एकवीस.

दादा पहिल्यापासून «फर्नेस घ्यायची की हीट पंप» असा विचार करत होते. मला तो प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटला. हीट पंप म्हणजे एसीच, फक्त त्यात एक रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे तो उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो आणि हिवाळ्यात बाहेरची आत आणतो. त्यांचा एसी एकोणीस वर्षांचा आणि आर-२२ वाला. आर-२२ चं उत्पादन आणि आयात अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, त्यामुळे गॅस लीक झाला की रिसायकल केलेला महागडा गॅस भरा नाहीतर मशीन टाका. आज ना उद्या एसी बदलायचाच होता. मग तुलना फर्नेसशी कशाला, नव्या एसीशी करा. साडेअकरा विरुद्ध चौदा, फरक अडीच हजार. त्यावर तेव्हा फेडरल टॅक्स क्रेडिट होतं, पात्र हीट पंपाला खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर. म्हणजे खरा फरक पाचशे डॉलर! हे कागदावर मांडल्यावर दादा एकदम गप्प झाले.

चालवायचा खर्च, जिथे उत्साह थोडा ओसरला

हीट पंपाचे कट्टर चाहते इथे नाराज होतील, पण आकडे आकडे आहेत. एक थर्म म्हणजे २९.३ युनिट (आपलं युनिट, किलोवॉट-अवर). ८० टक्के फर्नेसमध्ये त्यातले २३.४ घरात येतात, ९६ टक्केवालीत २८.१. त्यांच्या बिलावर सगळे चार्जेस धरून वीज १७ सेंट युनिट आणि गॅस सव्वा डॉलर थर्म पडत होता. २३.४ ला १७ सेंटनी गुणा, सव्वा डॉलरने भागा, येतं ३.२. म्हणजे हीट पंपाने एका युनिट विजेत ३.२ युनिट उष्णता दिली तर तो ८० टक्के फर्नेसच्या बरोबरीला येतो, उष्णता आणि विजेच्या या गुणोत्तरालाच सीओपी म्हणतात. ९६ टक्के फर्नेसशी बरोबरी करायला ३.८ लागतो.

आणि सीओपी थंडीबरोबर पडतो. त्यांनी निवडलेल्या मॉडेलच्या तक्त्यात ४७ फॅरनहाइटला ३.८ होता आणि १७ ला २.४. म्हणजे ९६ टक्के फर्नेससमोर पंप फक्त गुलाबी थंडीत जिंकतो, ८० टक्केवालीसमोर पस्तिशीपर्यंत टिकतो. न्यू जर्सीत पाइपचा गॅस स्वस्त आहे म्हणून हे असं. ज्यांच्याकडे गॅसची लाइन नाही, प्रोपेन किंवा हीटिंग ऑइलचा टँक आहे, त्यांनी हाच हिशोब आपल्या दराने करावा, गॅलन प्रोपेनला ९१,५०० बीटीयू आणि ऑइलला १,३८,५०० धरून. तिथे उत्तर बहुतेकदा उलटं येतं.

पूर्ण इलेक्ट्रिकचा पर्याय इथेच मागे पडला. दादांना तो मनातून आवडला होता, गॅस नकोच म्हणत होते, पण पॅनल आणि स्ट्रिपचा खर्च करून वर जानेवारीचं बिलही जास्त भरायचं, हे वहिनींना पटेना. शिवाय काकू घरात असताना प्रयोग नको, असंही त्या म्हणाल्या.

चिमणीचा गुंता

आता फर्नेस ८० ची की ९६ ची? सगळे कॉन्ट्रॅक्टर ९६ च सुचवतात. ती घेतली की धूर इतका थंड होतो की प्लॅस्टिकच्या पाइपने भिंतीतून बाहेर काढतात, चिमणी लागतच नाही. पण मग त्या मोठ्या चिमणीत एकटा वॉटर हीटर उरतो. त्याच्या एकट्याच्या धुराने चिमणी तापत नाही, ओढ कमी पडते, आत ओल धरते, प्रसंगी धूर उलटा घरात येतो. त्यावर उपाय म्हणजे चिमणीत बारीक लायनर घालणं, त्याचे वेगळे हजार-दीड हजार. तीनपैकी दोन कोटांत याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

माझं म्हणणं होतं की हीट पंप अर्ध्याच्या जवळपास हिवाळा सांभाळणार असेल तर फर्नेस बॅकअपच आहे, ८० ची घ्या, चिमणी आहे तशी राहू द्या. ९६ मुळे वर्षाला साठ-पासष्ट थर्म वाचले असते, म्हणजे ऐंशी डॉलर, आणि त्यासाठी फर्नेसच्या फरकासकट दोनेक हजार जास्त घालायचे. वहिनींचा मुद्दा वेगळा होता: ९६ वाली बाहेरची हवा घेऊन जळते, घरातली नाही, आणि नुकताच कार्बन मोनॉक्साइडचा धसका घेतलेला. दोन दिवस हे चाललं. शेवटी ८० ची, पण ६० हजार बीटीयूची लहान फर्नेस आणि प्रत्येक मजल्यावर नवा अलार्म, असं ठरलं. वहिनींचा मुद्दा अजूनही मला चुकीचा वाटत नाही, त्यांचा वॉटर हीटर तेव्हाच बदलायचा असता तर मी त्यांच्याच बाजूने गेलो असतो.

प्रत्यक्ष काम

मॅन्युअल जे करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरलाच काम दिलं. हीट पंप ३ ऐवजी अडीच टनी, इन्व्हर्टरवाला. ड्युअल फ्युएलमध्ये कडाक्याच्या थंडीसाठी फर्नेस असतेच, म्हणून पंपाचं माप उन्हाळ्याच्या गरजेवर ठरवता येतं. लहान मशीनचा आणखी एक फायदा डक्टमध्ये झाला. टनाला साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, आणि त्यांच्या घरात परतीच्या हवेला पॅसेजमध्ये एकच जाळी, डक्टमधला दाब मोजला तर तो असायला पाहिजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. वरच्या मजल्यावर दुसरी रिटर्न काढली, एक इंची फिल्टरच्या जागी चार इंची बसवला. कोटात हे नव्हतं, सातशे डॉलर वाढले, पण मुलांच्या खोल्या गार राहायचं निम्मं कारण तिथेच होतं.

टॅक्स क्रेडिटसाठी एक गोष्ट आधी पक्की केली: बाहेरचं युनिट, आतली कॉइल आणि फर्नेस या जोडीचा एएचआरआय (या उद्योगाची मशीन्स प्रमाणित करणारी संघटना) सर्टिफिकेट नंबर लेखी घेतला. नुसतं मॉडेल चांगलं असून चालत नाही, जोडी पात्र ठरावी लागते. काम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपलं, टाउनचं इन्स्पेक्शन झालं, क्रेडिट २०२३ च्या रिटर्नमध्ये फॉर्म ५६९५ वर घेतलं.

पहिला महिना: तक्रारी

काकूंची तक्रार पहिल्याच दिवशी आली. जुन्या फर्नेसची हवा जाळीतून १२०-१३० फॅरनहाइटची यायची, त्या जाळीपाशी शाल घेऊन बसत. हीट पंपाची हवा पंचाण्णवच्या आसपास, म्हणजे ३५ सेल्सियस, अंगापेक्षा गारच. «हे नुसतं फुंकतंय, तापत काहीच नाही» असं त्यांचं म्हणणं, आणि थर्मोस्टॅट ७० दाखवत असला तरी त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांच्या पलंगावर थेट झोत यायचा, ती जाळी वळवली, झोत भिंतीकडे गेला, तेव्हा कुठे कुरकुर थांबली.

काकांनी एका सकाळी सगळ्यांना हाका मारल्या, बाहेरच्या मशीनमधून धूर येतोय म्हणून. ती वाफ होती. दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतं, मशीन मधूनच उलटं फिरून ते वितळवतं (यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात), तेव्हा पांढरे लोट उठतात. कॉन्ट्रॅक्टरने हे आधी एका वाक्यात सांगायला काय हरकत होती कळत नाही.

खरी गडबड मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. महिन्याचं बिल आलं तर गॅस जवळपास पूर्वीइतकाच. थर्मोस्टॅट उघडून बघितलं तर पंपाकडून फर्नेसकडे जायचं तापमान ५० वर ठेवलेलं, बसवणाऱ्याने फॅक्टरी सेटिंग बदललंच नव्हतं, म्हणजे डिसेंबरभर पंप जवळपास शोभेला. दुसरं, दादांची जुनी सवय, रात्री ६२ आणि सकाळी सहाला ७०. आठ डिग्रीची उडी दिसली की थर्मोस्टॅट सरळ फर्नेस पेटवतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बदलाबदलीचं तापमान ३८ केलं (तक्त्याप्रमाणे पस्तिशीपर्यंत चाललं असतं, पण डीफ्रॉस्टचा भुर्दंड धरला) आणि रात्रीचं ६८, दिवसाचं ७०.

निकाल

त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत गॅसचा वापर साधारण चाळीस टक्के कमी झाला, वीज वाढली, आणि दोन्ही मिळून हिवाळ्याचा खर्च पूर्वीपेक्षा अगदी किंचित कमी, नगण्यच म्हणा. उन्हाळ्याचं बिल मात्र स्पष्ट उतरलं, कारण एकोणीस वर्षांचा एसी गेला. घरातला फरक बिलापेक्षा मोठा: वरच्या खोल्या आणि खालचा हॉल यांच्यात आता एक-दोन डिग्रीचाच फरक राहतो, धडधड बंद झाली.

मग जून २०२५ मध्ये न्यू जर्सीत विजेचे दर एकदम १७ ते २० टक्क्यांनी वाढले. त्यांचं युनिट साडेवीस सेंटवर गेलं, गॅस १.३५ झाला, परत तोच गुणाकार: बरोबरीचा सीओपी ३.५ च्या वर. त्या हिवाळ्यात दादांनी स्वतःच बदलाबदलीचं तापमान ४४ केलं, पंपाचं काम कमी झालं, फर्नेसचं वाढलं. पूर्ण इलेक्ट्रिक केलं असतं तर ही वाढ मुकाट्याने भरावी लागली असती. उद्या छतावर सोलर बसलं किंवा गॅस महागला तर आकडा खाली आणायचा, बस्स. ड्युअल फ्युएलची दोन मशीन्स सांभाळायची कटकट मला मान्य आहे, पण दर कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नसताना ही सोय मोलाची वाटते.

वेगळं काय करता आलं असतं

क्रेडिटची वाढीव रक्कम जानेवारी २०२३ पासूनच लागू होती आणि एसी एकोणीस वर्षांचा होता. एप्रिल-मेमध्ये, कॉन्ट्रॅक्टर मोकळे असताना, एसी म्हणून कोट मागवले असते तर हाच निर्णय निवांत झाला असता, तीन ऐवजी सहा कॉन्ट्रॅक्टरांशी घासाघीस करता आली असती. तहान लागल्यावर विहीर खणली, नशिबाने पाणी लागलं.

ॲटिकचं इन्सुलेशन आधी करायला हवं होतं. ते आजही पातळ आहे, ३० हजारांचा आकडा त्यामुळेच आहे, आणि युटिलिटीच्या एनर्जी ऑडिटची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. इन्सुलेशन झालं असतं तर पंप दोन टनी चालला असता असं मला वाटतं.

आज कुणी याच वळणावर असेल तर दोन गोष्टी बदलल्यात. ते फेडरल क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या मशीनला मिळत नाही, त्यामुळे «फरक फक्त पाचशे» हे गणित तसंच्या तसं उचलू नका, राज्याचे आणि युटिलिटीचे रिबेट बघून नव्याने मांडा. आणि जानेवारी २०२५ पासून नवीन मशीन्स आर-४१०ए ऐवजी आर-४५४बी किंवा आर-३२ वर आली आहेत. हे गॅस किंचित ज्वलनशील वर्गातले, म्हणून ते हाताळायचं ट्रेनिंग झालंय का ते कॉन्ट्रॅक्टरला विचारा.

राहता राहिला वॉटर हीटर. तो आता म्हातारा झालाय. वहिनींच्या मनात त्या जागी हीट पंपवाला वॉटर हीटर आहे, त्याला साधारणपणे २४० व्होल्टचं ३० अँप सर्किट लागतं, १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर चालणारी मॉडेल्सही मिळतात, आणि १०० अँपच्या पॅनलमध्ये जागा किती उरलीय हे इलेक्ट्रिशियन येत्या महिन्यात बघून जाणार आहे. जुना हीटर अजून चालू आहे तोवरच कोट मागवायचे, हे या खेपेला त्यांनी कुणी न सांगता ठरवलंय.